ताटावरून उठवलेला माणूस

त्या दुपारी खुनी माझ्या तोंडातून निसटला.

आम्ही जेवत होतो. म्हणजे मी आणि अक्का जेवत होतो आणि बायको तव्यावरची शेवटची भाकर उलटवत होती. पिठल्यात तुकडा बुडवता बुडवता मी सहज म्हणालो, "कसा लबाड हाय पाहा तो डबेवाला. गोदामवाल्याले सोता मारलं, अन् वरतून त्याच्याच बायकोले रोज जेवू घालून राह्यला." एवढं बोलून मी घास तोंडात टाकला. चावला. मग लक्षात आलं, की घरात मी एकटाच चावतोय.

बायकोच्या हातातली भाकर हातातच राहिली. अक्का माझ्याकडे पाहत होती.

गोदामवाला आणि डबेवाला हे दोघेही आमच्या रिसोडचे नाहीत, हे आधी सांगून टाकतो. आमच्याकडे बातमी फार लवकर पसरते. ते कोरियाचे. आमची मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आणि फाल्गुनात एक दिवस आईला फोन करून म्हणाली, "ही कोरियन सिरीज बघ, शेवटपर्यंत खुनी कळत नाही." सिरीज हिंदीत केलेली होती. समुद्राकाठच्या एका गावातले मासळीचे व्यापारी एकमेकांशी थेट दिल्लीच्या हिंदीत भांडायचे. त्यांची नावं मात्र आमच्या जिभेवर टिकेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. ज्याचा खून झाला तो गोदामवाला. त्याचा धंद्यातला भागीदार, जो रोज त्याच्या विधवेला जेवणाचा डबा आणून द्यायचा, तो डबेवाला. तपास करणारी, कायम झोप न झालेली दिसणारी पोलीस बाई म्हणजे ठाणेदारीण. आणि ती विधवा म्हणजे नुसतीच 'ते', आमच्या बोलीतली 'ती'. "ते काय करून राह्यली आता?" असं.

घरचा नियम बायकोनं घातला होता. दुपारची जेवणं झाली, भांडी घासली, की तिघांनी मिळून एक भाग पाहायचा. पुढचं कुणी पाहायचं नाही. हा नियम मी मोडला होता. कसा ते सांगतो, पण त्याआधी अक्काचं सांगितलं पाहिजे, कारण नियम तिच्यासाठीच होता.

अक्का माझी थोरली बहीण. मेडशीकडे तिचं घर, शेत. पौषात भाऊजी गेले. दुपारच्या वेळी अंगणात तुरीच्या ढिगाजवळ पडले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आमच्याकडे रीत आहे, मयतीच्या घरी चूल पेटत नाही, नातलग भाकर-पिठलं नेतात आणि पहिला घास बळंच भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. अक्काला तो मी भरवला. तिनं तो तोंडात ठेवला, पण गिळला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. बसायला आलेल्या बायका एकामागून एक विचारायच्या, "काही बोलले काय व शेवटी?" अक्का खाली पाहायची. बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि म्हणायच्या, केवढं दुःख आहे, शब्द फुटत नाही.

तेरवी झाली तरी शब्द फुटला नाही. 'हो', 'नाई' आणि 'ठेव तिथं', एवढ्यावर तिचं चाललं होतं. भाच्याचा फोन आला, "मामा, आई बोलूनच नाई राह्यली. चार दिवस घेऊन जा तिले." मी जाऊन तिला घेऊन आलो. एसटीत खिडकीजवळ बसवलं, मालेगावला उसाचा रस पाजला, वाटेतल्या प्रत्येक गावाची माहिती सांगितली. ती माहिती तिला माझ्याआधीपासून होती. ती काही बोलली नाही.

आमच्या घरी येऊनही तसंच. एकच गोष्ट ती हट्टानं करायची. मी जेवत असताना मला उठू द्यायची नाही. पाणी हवं असलं तर स्वतः आणून द्यायची. फोन वाजला तर उचलून पदराखाली धरायची, दारात माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक आलं तर मानेनंच त्याला थांबवायची. मला वाटलं, भावाची माया. मी त्याचा फायदाही घेतला. चार दिवस लोणच्याची बरणीसुद्धा हातानं घेतली नाही.

मग बायकोनं ती सिरीज लावली. अक्का टीव्हीकडे पाठ करून मेथी निसत बसली होती. पहिल्याच भागात गोदामवाला जेवायला बसतो. खाली, बुटक्या पाटासारख्या टेबलापुढे मांडी घालून. बाहेर पाऊस, वारा. बायको म्हणते, गोदामाचं दार आपटतंय, जरा बघून या. तो वाटी तशीच ठेवून उठतो. सकाळी गोदामात त्याचं प्रेत.

मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला आणि अक्का म्हणाली, "जेवत्या मानसाले उठवलं तिनं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. आमच्या घरात आल्यापासूनचं अक्काचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी ती टीव्हीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "लेका, आवाज वाढव." आणि मग रोज वाद. गोदामवाल्याच्या अंत्यविधीला मोठा हॉल होता, त्यात ओळीनं माणसं बसून सूप-भात खात होती, पेले भरत होती. माझी बायको हबकलीच. "मयतीत हे जेवून राह्यले? अन् तो जाडा पाहा, दुसऱ्यांदा मांगून राह्यला. त्यानंच मारलं." तेव्हापासून तिनं त्या जाड्याला सोडलं नाही. तो पुढच्या भागात शाळेत मुलांना गाणं शिकवतो, तरी ही म्हणायची, "गाते म्हनून काय झालं? मयतीत खाल्लं त्यानं."

अक्काला मात्र जाड्यात रस नव्हता. ती म्हणायची, "त्याचं काय, भूक लागली असन. खुनी तेच हाय. त्याची बायको."

"अवं अक्का, ते बिचारी रडून राह्यली रोज."

"रडू दे. ताटावरून उठवलं का नाई? मानूस जेवाले बसला का त्याले उठवू नाई, हे लहान पोराले बी समजते. दोन घास खाऊन गेला असता तं काय झालं असतं दाराले?"

"पन अक्का, ते कोरियाचे लोक हायेत. त्यायच्यात ही रीत नसन."

"भूक असते ना त्यायच्यात?"

तिचा निकाल पहिल्या दिवशी लागला होता आणि पुरावा कितीही आला तरी ती अपील ऐकून घेत नव्हती. आम्ही दोघं हसायचो. मला तर त्या वादाचं कौतुकच वाटायचं. बाई बोलतेय, भांडतेय, भाकरीचा दुसरा चतकोर घेतेय, अजून काय पाहिजे? भाच्याला मी फोनवर अभिमानानं सांगितलं, "तुह्या मायचा इलाज सुरू हाय. औषध कोरियाचं हाय." आता सिरीज संपली की काय करायचं, एवढीच आम्हा नवरा-बायकोला धास्ती होती. म्हणून रोज एकच भाग.

आता माझा निकाल. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या मी उघडतो, जळकी तार काढतो, नवीन भरतो. मोटार हुंगून मी सांगतो कुठल्या कॉइलनं दगा दिला. त्यामुळे खुनी ओळखणं मला अवघड नाही, असा माझा समज होता. मी आधी गोदामाचा रखवालदार पकडला. तो पुढच्या भागात स्वतःच मेला. मग मी डॉक्टर पकडला. तो ठाणेदारणीचा सख्खा भाऊ निघाला. मग मी ठाणेदारीणच पकडली. बायको म्हणाली, "आता टीव्हीतले संपले, का मले पकडता?"

हे मनाला लागलं. त्या आठवड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर मोटारींची गर्दी होती. वार्निश लावून कॉइली उन्हात वाळत ठेवल्या होत्या, वाळेपर्यंत हाताला काम नव्हतं. मोबाइल खिशात. म्हटलं, एवढा एकच भाग पाहू, म्हणजे दुपारी जरा वट राहील. एकाचे दोन झाले, दोनाचे कितीतरी. डबेवाल्याचा खरा चेहरा मला दुकानात, तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांत बसून कळला. एवढं मोठं गुपित पोटात घेऊन मी घरी आलो, आणि पिठल्याच्या पहिल्याच घासाबरोबर ते बाहेर पडलं.

तर मी एकटा चावत होतो, इथपर्यंत आपण आलो होतो.

अक्का म्हणाली, "डबेवाल्यानं मारलं?"

"नाई म्हनजे... मले आपलं वाटलं."

"तू पुढचं पाह्यलं."

मी मान खाजवली.

"लहानपनी गूळ चोरून खाल्ला का अशीच मान खाजवाचा तू," अक्का म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "डबेवाल्यानं मारलं तं मंग तिनं काहून उठवलं त्याले?"

"अवं, दार आपटून राह्यलं होतं म्हनून उठवलं. तिचा काही दोष नाई त्यात. साफ निर्दोष हाय ते."

मला वाटलं, निर्दोष म्हटल्यावर कुणालाही बरं वाटतं. अक्का उठली. ताटात अर्धी भाकर होती, पिठल्याला हात लागलेला नव्हता. मला लोणच्यासाठी उठू न देणारी माझी बहीण स्वतःच्या ताटावरून उठली, मोरीवर हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि दोन लुगडी घडी करून पिशवीत घालू लागली.

"सकाळच्या गाडीनं जातो मी," ती आतून म्हणाली. त्यानंतर पुन्हा 'हो', 'नाई' आणि 'ठेव तिथं'.

बायकोनं मला अंगणात नेऊन झापलं. हळू आवाजात झापण्याची तिची कला आहे, शेजारच्याला वाटावं नवरा-बायको लग्नकार्याचं ठरवताहेत. "एवढ्या दिवसाचं माह्यं केलेलं पान्यात घातलं तुमी. मांजर पिलाले जेवढं जपते ना तेवढं जपलं मी त्यायले. अन् तुमच्या तोंडाले बांध नाई."

"मी म्हनतो का, तिले सांगू का मी खोटं बोललो?"

"सांगा. अन् मान खाजवा."

रात्री अक्का जेवली नाही. मला तर तिचं असं का झालं हेच कळत नव्हतं. सिरीजमधला खुनी आधी कळला म्हणून कुणी लुगडी भरतं का? माझ्या चुकीबद्दल मला वाईट वाटत होतं, पण मी चूक नेमकी कुठली केली तेच मला माहीत नव्हतं. मोटार हुंगणारा माणूस.

सकाळी अक्का पिशवी घेऊन ओसरीवर बसली. मी स्टँडवर सोडायला गाडी काढली. बायको चहा घेऊन आली आणि तिच्यापुढे बसली.

"जा अक्का. मी अडवत नाई. पन हे अर्धं ठेवून नका जाऊ. हे म्हनतात ते खरं का खोटं, तुमी तुमच्या डोयानं पाहा. सकाळची गाडी गेली तं दुपारची हाय."

अक्का चहाच्या कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लाव."

उरलेले भाग आम्ही सकाळीच पाहिले. दुकान उघडलं नाही. मोटारवाल्यांचे फोन येत राहिले, अक्कानं एकही पदराखाली धरला नाही. तिचं लक्ष त्या विधवेवरून हलतच नव्हतं. डबेवाला संशयात सापडला, पळाला, ठाणेदारीण त्याच्या मागे, जहाजं, भोंगे, सगळं झालं.

मग तो प्रसंग आला. मी तो दुकानात पाहिला होता, पण तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण त्यात कुणी पळत नव्हतं. ठाणेदारीण विधवेच्या घरी जाऊन जमिनीवर बसते आणि विचारते, त्या दिवशी काय झालं ते पुन्हा सांगा. विधवा म्हणते, "मैंने उन्हें खाने से उठाया था." मग ठाणेदारीण विचारते, "दरवाज़ा सच में बज रहा था?" विधवा मान हलवते. ठाणेदारीण म्हणते, "तो किसी को तो जाना ही था."

बस, एवढंच. ती उठते, बूट घालते आणि निघून जाते.

अक्का म्हणाली, "बकरी खरंच सुटली होती."

आम्हाला कळेना. पडद्यावर तर बकरी नव्हती.

"मी चुलीपुढे होतो," अक्का टीव्हीकडेच पाहत बोलत होती. "ते जेवाले बसले होते. त्यायनं ओट्यावरूनच पाह्यलं. म्हने, बकरी सुटली व, तूर खाऊन राह्यली. माहे हात पिठात. अन् सकाळपासून आमचं थोडं वाजलं होतं. काही नाई, उगीच, फवारनीच्या पंपावरून. मी म्हनलं, दिसते तं तुमीच बांधा ना. ते उठले. काही बोलले नाई. ताट तसंच. अन् मंग मले धप्पकन आवाज आला."

बायकोनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"साऱ्या बाया इचारत, काय बोलले शेवटी? काय सांगू मी? चाळीस वर्स संसार केला अन् शेवटचं काय बोलले, तं बकरी सुटली. अन् मी काय बोलली, तं तुमीच बांधा. सांगता येते का हे कोनाले? ते ताट कोनं उचललं, तेही मले मालूम नाई. मीच उठवलं लेका त्यायले."

मी काहीतरी शहाणपणाचं बोललं पाहिजे, हे मला कळत होतं. "अक्का, डॉक्टर म्हनाले होते, हे आधीपासून होतं छातीत. अंथरुनातही झालं असतं."

"मालूम हाय मले. डॉक्टरले मालूम हाय, मलेबी मालूम हाय. पन ताट तसंच होतं ना."

शहाणपण संपलं की मी जे करतो ते मी केलं. तोंड उघडलं. "मंग बकरी? ते कोनं बांधली?"

बायकोनं कपाळाला हात लावला. मला जमिनीत जावंसं वाटलं. अक्कानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"कोन बांधते तिले?" ती म्हणाली. "सारं गाव आंगनात जमलं, रडून राह्यलं, अन् ते रांड तूर खाऊन राह्यली. कोनाचंच ध्यान नाई. पोट फुगलं तिचं. तुहे भाऊजी पाह्यते तं..." आणि ती हसली. हसता हसता तिचा श्वास अडकला, आणि मग तेरवीपर्यंत आणि तेरवीनंतर जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. बायको सरकून तिच्याजवळ बसली. पाठीवरून हात फिरवला नाही, गप्प राहा म्हणाली नाही, नुसती खांद्याला खांदा लावून बसली. टीव्हीत आवाजाशिवाय डबेवाल्याला बेड्या पडत होत्या. एवढे दिवस ज्याच्यासाठी आम्ही भांडलो तो खुनी पकडला गेला आणि त्याच्याकडे पाहायला कुणीच नव्हतं.

मग अक्का बोलत राहिली. भाऊजी घोरायचे कसे, पंपावरून भांडण नेमकं काय झालं, लग्नात त्यांची चप्पल कुणी लपवली होती. मधेच रडायची, मधेच भाऊजींना शिव्या द्यायची. सगळं सुटलं असं नाही. मधेच थांबून ती एकदा म्हणाली, "पन म्या उठाले पाह्यजे होतं. हात पुसाले किती येळ लागते?" दुपारची गाडी गेली. तिसऱ्या प्रहरी बायकोनं तिघांना ताटं वाढली. अक्का जेवली. मी मीठ घ्यायला उठलो, तिनं पाहिलं, पण अडवलं नाही.

संध्याकाळी ती ओसरीवर बसून भाच्याशी फोनवर बोलत होती. आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. "बकरी विकू नको म्हनतो ना मी. आल्यावर पाहू. अन् त्या पंपाचा वॉल्व बदलून घे, तुह्या बापानं काई ऐकलं नाई माह्यं."

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको गव्हाचं पीठ मळत होती. मला वाटलं, आता ती काहीतरी चांगलं बोलेल. शेवटी माझ्याच घोळातून हे सगळं बाहेर पडलं होतं ना? मी दाराच्या चौकटीला टेकून, जरा नम्र चेहरा करून उभा राहिलो.

तिनं वर पाहिलं नाही. "अक्का आठ-पंधरा दिवस आनखी राहून राह्यल्या," ती म्हणाली. "आमी दोघी दुसरी सिरीज लावतो. तुमचा डबा उद्यापासून दुकानातच धाडतो."